निऱ्यांमागचा खिसा

मी साड्यांच्या निऱ्या घालून देते. हे सांगितलं की लोक आधी हसतात. निऱ्या काय, नेसताना बाई घालतेच की. पण लग्नाच्या गडबडीत आता तेवढा वेळ कुणाला नसतो, आणि पोरींना सवय नसते. मग त्या आठ दिवस आधी साडी आणून देतात. मी कंबर मापते, उंची मापते, चपलेची टाच किती ते विचारते. मग साडी टेबलावर पसरून आधी पदराच्या चुण्या, मग पोटाच्या निऱ्या, एकीवर एक, चिमटे लावून वाफेच्या इस्त्रीनं दाबून बसवते. जरीवर पातळ सुती कापड ठेवावं लागतं, नाहीतर ती काळी पडते. झालं की साडी घडी होऊन खोक्यात जाते. त्या दिवशी फक्त खोकं उघडायचं आणि गुंडाळून उभं राहायचं.

गारखेड्यातल्या आमच्या घराची पुढची खोली मी या कामाला घेतली, त्याला नऊ वर्षं झाली. आधी एका पडद्यांच्या दुकानात होते. तिथं खिडक्यांसाठी चुण्या घालायचे, इथं बायकांसाठी घालते. हल्ली मुद्दाम चुरगळलेल्या ओढण्या येतात, क्रश केलेल्या टिश्यूच्या साड्या येतात, त्या इस्त्री न लावता पिळून बांधून ठेवायच्या असतात. तेही करते. काम सरळ आहे. त्यात भिण्यासारखं काही असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. पण दोन वर्षांपूर्वी मी टेबल फिरवून घेतलं. आता मी दाराकडं पाठ करून निऱ्या घालत नाही.

ते कसं झालं ते सांगते.

एक आजी माझ्याकडं पहिल्यांदा आल्या त्या सुनेच्या हाताला धरून. पडेगावहून रिक्षानं आल्या होत्या. सत्तरी कधीच उलटलेली, अंगानं काटक, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदण. लकवा मारून गेल्यापासून उजव्या हातात जोर राहिला नव्हता. जन्मभर नऊवारी नेसलेली बाई, पण एका हातानं कासोटा घालता येत नाही. म्हणून घरात गाऊन घालून बसायच्या.

"गाऊन कसला, पोतं हाय," बसता बसता त्या म्हणाल्या.

नातीचं लग्न ठरलं होतं. मुलानं पैठणला जाऊन आईसाठी खास पैठणी आणली होती, जांभळी, सहावारी, बारीक काठाची. सून म्हणाली, "ताई, सरळ शिवूनच टाका. बाजूला चेन लावा. आईंना स्कर्टसारखी घालता येईल."

आजींनी डावा हात साडीवर ठेवला. "कातर लावायची नाय. पोरानं लई हौसेनं आणलीय."

"कातर नाही लावत, आजी," मी म्हणाले. "निऱ्या घालते आणि कच्च्या टाक्यानं एका पट्ट्यावर बसवते. पट्ट्याला हुक. लग्न झालं की टाके उसवायचे. साडी होती तशी परत."

हे त्यांना पटलं. मी टेप घेऊन कंबर मापायला लागले तेव्हा त्यांनी श्वास धरून ठेवला होता. मी म्हणाले, "आजी, सोडा श्वास, नाहीतर माप चुकंल." त्या हसल्या. "लई वर्सं झाली, कंबरेला कुणाचा हात नाय लागला," म्हणाल्या. सून लाजली. मला मात्र ते बरं वाटलं.

पाच-सहा दिवसांनी त्या साडी अंगाला लावून बघायला आल्या. सुनेला बांगड्या बघायच्या होत्या. आजींना माझ्यापाशी बसवून ती जवाहर कॉलनीत गेली. ती गेटबाहेर पडेपर्यंत आजी खिडकीतून बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "दार लोट."

मी दार लोटलं. पट्टा त्यांच्या कंबरेला लावला होता, निऱ्या बसल्या होत्या. छान बसल्या होत्या. त्यांनी डाव्या हातानं पोटापाशी चाचपलं.

"ह्यात कनवट कुठं हाय?"

"कनवट कशाला, आजी? पैशाची पिशवी देते की वेगळी शिवून."

"पैक्याला नव्हं."

त्यांनी पिशवीतून एक रुमाल काढला. गाठ एका हातानं सुटेना म्हणून माझ्यापुढं धरला. मी सोडला. आत तान्ह्या बाळाची कुंची होती. रंग फिका लाल, एके काळी भडक असणार. टोपीच्या कडेला बोटभर झालर, मानेपाशी बारीक चुण्या, आणि खाली पाठीवर सोडलेलं कापड. चुण्या हातानं घेतलेल्या होत्या. मी हेच काम करते म्हणून सांगते, टाका तांदळाच्या कणीएवढा होता आणि एकही इकडचा तिकडं नव्हता. वेखंडाचा वास येत होता, अगदी पुसट.

मी ती टेबलावर पसरली आणि बोटं काढली. तर ती आपली आपण मिटायला लागली. आधी झालर आत वळली, मग पाठ. पन्नासच्या वर वर्षं त्याच घड्यांवर मिटून राहिलेलं कापड दुसरं काय करणार, हे मला कळत होतं. तरी मी हात मागं घेतला.

"माझी थोरली," आजी म्हणाल्या.

मला समजलं नाही. त्यांना एक मुलगा आणि त्याच्या पाठची एक मुलगी, असं सुनेनं सांगितलं होतं.

"त्या दोघांच्या आधीची. आठ म्हयन्याची व्हती. आम्ही मेंढरांमागं हिंडायचो तवा. उन्हाळ्यात ढाळ लागली, गेली."

"मुलांना माहीत आहे?"

"नाय. ती दोघं मागनं झाली. त्यास्नी सांगून काय करायचं?"

"आणि आजोबांना?"

"ह्यांना आता आठवत बी नसंल," म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं ते मी त्यांच्याच शब्दांत सांगते. म्हणाल्या, "घरात लगीन निघालं की मी तिला नेते. दिराच्या लग्नात नेली. नंदंच्या नेली. पोराच्या, पोरीच्या नेली. कनवटीला खोवायची अन् वर पदर घ्यायचा. तिलाबी कळू दे, घरचं लगीन हाय. आता ह्या तुझ्या साडीत तिला ठिवू कुठं?"

मी पट्टा उतरवून घेतला आणि पांढऱ्या मलमलीचा एक तुकडा काढला. निऱ्यांच्या मागं, पट्ट्याच्या आतल्या अंगाला, बाहेरून दिसणार नाही असा खिसा शिवून दिला. आजी म्हणाल्या, "आत्ताच ठिव आत. घरी मला एका हातानं जमायचं नाय, अन् कुणी बघंल." मी कुंची आत ठेवली. पडू नये म्हणून तोंडाला चार टाके घातले.

"सुनंला बोलू नको."

"नाही बोलत."

सून आली तेव्हा खोकं बांधून तयार होतं.

लग्नाच्या चार दिवस आधी, सकाळी मी चहा टाकत होते, सुनेचा फोन आला. ती रडत नव्हती. आवाज एकदम सपाट होता. "ताई, आई गेल्या. झोपेतच. आमच्या ह्यांचं म्हणणं आहे की आईला तीच साडी नेसवायची. पण ती कशी बसवायची आम्हाला कुणालाच कळेना. येता का?"

पहिला विचार माझ्या मनात आजींचा आला नाही. खिशाचा आला.

माझ्या नवऱ्यानं मला स्कूटरवर पडेगावला सोडलं. अंगणात माणसं जमली होती. आजोबा बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर, हातात काठी, डोक्याला फेटा. आत बायकांनी आजींना आंघोळ घातली होती. मळवट भरला होता, हातात हिरव्या बांगड्या होत्या. नवऱ्याच्या आधी गेली, नशिबाची, असं कुणी कुणी म्हणत होतं. खोकं पलंगावर ठेवलेलं होतं, मी बांधलेल्या फितीसकट.

एक नातेवाईक बाई दबक्या आवाजात म्हणाली, "एवढी भारी साडी जाळायची का? साधी हिरवी आणा की एखादी."

मुलगा दारात होता. त्यानं ऐकलं. "माझ्या आईपेक्षा भारी हाय का ती?" एवढंच बोलला. मी खोक्याची फीत सोडली.

उभ्या माणसाच्या मापानं घातलेल्या निऱ्या आडव्या माणसाला बसत नाहीत. मला हे माहीत नव्हतं, माहीत असण्याचं कारण नव्हतं. दोघीतिघींनी आजींना जरा उचललं, मी पट्टा खालून सरकवला, हुक लावलं. निऱ्या एका बाजूला कलंडायला लागल्या. मी सारख्या करायचे, त्या पुन्हा कलंडायच्या. अंग गार होतं आणि जड होतं. काटक बाई, पण त्या दिवशी फार जड होत्या. शेवटी मी निऱ्यांवर तळहात दाबून धरला. तळहाताखाली खिसा लागला. आतली घडी लागली, मऊ, बटाट्याएवढी.

तेव्हा मला ती काढता आली असती. चार टाके, नखानं निघाले असते. सुनेला बाजूला घेऊन सांगता आलं असतं, किंवा मुलाला. मी नंतर स्वतःला खूप दिवस सांगत होते की मी शब्द दिला होता, म्हणून गप्प बसले. ते अर्धंच खरं आहे. खोलीत उदबत्तीचा धूर होता, बायका रडत होत्या आणि मला तिथून लवकर निघायचं होतं.

तेवढ्यात आजोबा दारात येऊन उभे राहिले. आत आले नाहीत. "झालं का?" म्हणाले. ते आजींच्या तोंडाकडं बघत नव्हते. निऱ्यांवरच्या माझ्या हाताकडं बघत होते.

"झालं, बाबा," मी म्हणाले आणि हात काढला.

लग्न तेराव्यानंतर घरच्या घरी उरकलं, असं मला नंतर कळलं. मला बोलावणं होतं, पण मी गेले नाही.

आजी गेल्या त्याच आठवड्यात ते सुरू झालं. एक मुलगी साखरपुड्याची साडी ठेवून गेली, साधी शिफॉन. मी निऱ्या दाबायला इस्त्री फिरवली. वाफ वर आली आणि तिच्याबरोबर वेखंडाचा वास आला. इस्त्री बंद करून मी पाणी ओतून टाकलं, टेबलावरचं कापड बदललं, त्याखालची घोंगडी उन्हात टाकली. दोन दिवसांनी पुन्हा वाफ, पुन्हा वास. नवऱ्याला बोलावलं. त्यानं वास घेतला. "मला तर गरम कापडाचा येतोय," म्हणाला.

मग हातांना लागायला लागलं. कुणाचीही साडी असो, निऱ्या बसवून तळहात दाबला की खाली काहीतरी असायचं. मऊ, घडी केलेलं. उचलून बघावं तर निऱ्या आणि खाली लाकूड. एका बाईची नवीकोरी कांजीवरम मी दोनदा उसवली, आत काही राहिलंय का बघायला. तिला सांगितलं टाके चुकले होते. एका दुपारी एक क्रशची साडी पिळून, बांधून टेबलावर ठेवली होती. आत भाकरी टाकायला गेले. परत आले तर गाठ सुटून ती हळूहळू उलगडत होती. अशी कापडं उलगडतात. पिळा बसला नसला की सुटतोच, मी शंभरदा पाहिलंय. पण ती एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळावं तशी वळली. मी उंबऱ्यातच उभी राहिले. ती थांबेपर्यंत मला आत पाऊल टाकवलं नाही.

त्या वेळी सारखं वाटायचं, मागं दारात कुणीतरी येऊन विचारणार आहे, झालं का. म्हणून टेबल फिरवलं.

दीडेक महिन्यानं खरंच कुणीतरी आलं. दुपारचे चार वाजले असतील. फाटकाशी रिक्षा थांबली आणि आजोबा उतरले, एकटेच. काठी टेकत आले, पायरीवर थांबून चप्पल काढली. मी खुर्ची दिली, पाणी दिलं. त्यांनी पाणी सगळं प्यायलं, तांब्या खाली ठेवला. खोलीभर टांगलेल्या साड्यांकडं बघत राहिले.

"हितंच आली व्हती का ती?"

"हो. तिथं बसल्या होत्या, तुम्ही बसलाय तिथंच."

ते खुर्चीत जरा हलले. मग म्हणाले, "तिच्या पेटीत एक कुंची असायची. रुमालात बांधलेली. पेटी उलथीपालथी केली, सापडंना. सुनंला इचारावं तर तिला ठावंच नाय. म्हणलं, तुला इचारावं."

"मला नाही माहीत, बाबा," मी म्हणाले. काही विचार करायच्या आधीच तोंडातून गेलं.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. "पोरी, मी दारात उभा व्हतो. तुझा हात कुठं व्हता ते मी बघितलंय. पन्नास वर्सं तिचा हात बी लग्नाला तिथंच असायचा."

मी खाली बसले, फरशीवरच. आणि सगळं सांगितलं. खिसा, मलमल, शब्द. आणि त्या दिवशी मी काढली नाही, हेही. बाहेर भंगारवाला ओरडत गेला. तो गल्लीच्या टोकाला गेल्यावर त्यांनी विचारलं,

"खिशाचं तोंड शिवलं व्हतं का?"

"हो. चार टाके."

"मंजी वाटंत पडली नसंल."

"नाही, बाबा."

"मंग गेली तिच्याबरूबर." त्यांनी काठी दोन्ही हातांनी धरली. "अस्थी पोरानं पैठणला सोडल्या. मी गेलो नाय. गुडघं दुखतेत म्हणलं. गेलो असतो तर..."

मग ते आपणहून बोलायला लागले. माझ्याशी बोलत होते असं नाही. लासूर स्टेशनच्या अलीकडं, शिवना नदीच्या कडंला त्यांचा मुक्काम होता. लेकराला सकाळपासून ढाळ लागली होती. आजी म्हणाल्या, स्टेशनाला डॉक्टर आहे, आत्ता चला. नदी आटलेली, मेंढरं दोन दिवसांची तहानलेली होती. "मी म्हणलं, आधी मेंढरं पाण्यावर घालू, मंग जाऊ. तिनं लेकरू खांद्यावर टाकलं अन् एकटीच निघाली. मी मागनं गाठली तवर लेकराचं डोळं फिरलं व्हतं. तिथंच पुरलं, बाभळीखाली. मी म्हणलं, कुंची बी ठिव. तिनं काढून घेतली. लेकरू दिलं, कुंची नाय दिली."

"नंतर काही म्हणाल्या तुम्हाला?"

"हेच तर. कधी बोलली नाय. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. संसार केला, पोरं झाली, रान घेतलं, औरंगाबादला आलो. पर त्यावर एक शब्द नाय. लगीन असलं की कनवटीला कुंची. मला दिसायची. मी दिसत नाय असं करायचो. वरातीत ती म्होरं अन् मी चार पावलं मागं. मला ती एकदा हातात घ्यायची व्हती. ती हाय तवर मागायची छाती झाली नाय. म्हणलं, आता घेऊ."

माझ्या हातून काय झालंय ते मला तेव्हा कळलं.

"माझ्याबद्दल काय म्हणली व्हती का?"

खोटं बोलता आलं असतं. एकदा बोलून झालं होतं. "त्यांना वाटायचं, तुम्ही विसरलात," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. दोनदा, तीनदा. त्यांचं तोंड बदललं नाही. त्यांनी काठी उचलून मांडीवर आडवी घेतली.

जाताना म्हणाले, "तुझ्या हातात व्हती ना ती? केवढी व्हती ते दाखव मला."

मी मलमलीच्या ताग्यातून कापड फाडलं. दोरा भरला आणि मानेच्या चुण्या ओढून घेतल्या, आठवेल तशा. माझे टाके तेवढे बारीक आले नाहीत. घडी करून मी ती त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी बोटं मिटली नाहीत. नुसतं बघितलं, वजन घेतल्यासारखा हात जरासा खालीवर केला, आणि टेबलावर ठेवून दिली. "राहू दे," म्हणाले. मी रिक्षापर्यंत पोचवायला गेले. बसताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो आशीर्वाद होता की आधार, मला अजून सांगता येत नाही.

त्या रात्री मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तू काढून दिली असतीस तर आजींचा शब्द मोडला असता. नाही दिलीस तर आजोबांचं असं झालं. तू काहीही केलं असतंस तरी एकाचं राहिलंच असतं." त्याचं बरोबर आहे. पण दुसऱ्या दिवशी हाताखाली जे लागायचं ते लागलंच.

संक्रांतीच्या आधी आजींची नात आली. लग्न झालेली, हातात चुडा, पहिल्या सणाची काळी साडी घेऊन. माप घ्यायला मी टेप काढला, तर ती म्हणाली, "ताई, आधी बसा जरा."

तिनं सांगितलं की आजोबांनी दिवाळीनंतर तिच्या वडिलांकडं हट्ट धरला, मला लासूरला ने. कशाला, ते सांगेनात. शेवटी वडिलांनी गाडी काढली, सगळेच गेले. शिवनेच्या अलीकडं आजोबांनी गाडी थांबवायला लावली. तिथं आता प्लॉट पाडलेत. दगड रोवलेत, मुरमाचे रस्ते टाकलेत. बाभळ नाही, काही नाही. आजोबा एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत हिंडत राहिले. मग एके ठिकाणी उभे राहिले आणि मुलाला म्हणाले, "तुला थोरली बहीण व्हती."

"पप्पा तिथं मुरमावरच बसले," ती म्हणाली. "पन्नाशीला आलेला माणूस. मोठ्यानं रडले. आजी गेली तेव्हा रडले नव्हते तेवढे."

मग तिनं सरळ विचारलं, "तुम्हाला माहीत होतं ना?"

"हो."

"आजीला नेलं तेव्हा ती कुंची आजीजवळ होती?"

"होती. खिशात."

मला वाटलं ती चिडेल. घरच्या माणसांच्या आधी परक्या बाईला कळलं, कुणीही चिडेल. पण ती म्हणाली, "मग माझ्या लग्नाला आणायची म्हणूनच तो खिसा होता." आणि डोळे पुसले. थोड्या वेळानं म्हणाली, "मी एक विचारायला आलेय. साडी काय, नंतर पण दिली असती. आजीनं तुमच्यापाशी तिचं नाव घेतलं होतं का?"

"थोरली म्हणाल्या. नाव नाही घेतलं."

"नीट आठवून बघा ना. आजोबांना आठवत नाहीये. बारसं झालं होतं म्हणतात, पण घरात सगळे नुसतं बाळ म्हणायचे. नंतर आजीनं कधी तोंडातून काढलं नाही. आजी एकटीलाच माहीत होतं."

मी आठवायला लागले. ती दुपार, लोटलेलं दार, टेबलावरची कुंची. मी खिशात ठेवली, टाके घातले. आणि तेव्हा मला आठवलं की टाके घालताना आजी वाकल्या होत्या. खिशापाशी तोंड नेऊन काहीतरी म्हणाल्या होत्या, हळू, दोन-तीन अक्षरं. माझ्याशी नव्हत्या बोलत. शेजारी इस्त्री तापून वाफ सोडत होती, फुस्स आवाज चालला होता. मी खाली मान घालून दोरा दातानं तोडत होते. मी ऐकलं नाही.

हे मी तिला सांगितलं.

"रोज सकाळी आजोबा अंगणात खुर्ची टाकून बसतात," ती म्हणाली. "एक एक नाव मोठ्यानं घेतात. जुनी नावं, त्यांच्या वेळची. घेतलं की जरा थांबतात, कान देतात. मग मान हलवतात. आई म्हणते, काल तेरा नावं घेतली. एकही तिचं नव्हतं."

मग ती उठून उभी राहिली आणि माप द्यायला दोन्ही हात बाजूला धरले. मी तिच्या कंबरेभोवती टेप फिरवला.